काहिलीवरचं चाक

आमच्या गावात विजेचे खांब आले आणि त्यानंतर कित्येक वर्षं दुसरं काहीच आलं नाही. माणसं ट्रकमधून आली, खड्डे खणले, खांब उभे केले, आमच्या घरचा चहा प्यायली आणि गेली. तारा मागनं येतील म्हणाली. त्या खांबांना लोक म्हशी बांधत, निवडणूक आली की पत्रकं चिकटवत, आणि पोरं दगड मारून कुठल्या खांबाचा आवाज मोठा येतो ते बघत. कोयनेची वीज शिवाराच्या कडेनं उंच मनोऱ्यांवरून पुढं जायची. दमट हवेत त्या तारा गुणगुणायच्या. आम्ही त्यांच्याखाली तण काढत भांगलण करायचो आणि घरी येऊन रॉकेलची चिमणी पेटवायचो.

गाव कृष्णेच्या काठावर, कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर. माझं माहेर कोरेगावकडचं. तिथं आमच्या ओढ्याला पावसाळ्यापुरतं पाणी असायचं, त्यामुळं पोहणं मला कधी आलं नाही. लग्न होऊन इकडं आले तेव्हा बारा महिने वाहणारी एवढी नदी मी पहिल्यांदा पाहिली. सगळे म्हणायचे, किती गरीब नदी आहे, पावसाळा सोडला तर कुणाच्या वाटेला जात नाही. मला ते कधी पटलं नाही. काठावर उभं राहिलं की पाणी थांबल्यासारखं दिसायचं, आणि कळशी बुडवायला हात घातला की कळशी ओढली जायची. वरून एक दाखवायचं आणि आतून दुसरंच करायचं, ही रीत मला माणसांतही आवडत नाही.

आमचे मालक फौजेतून पेन्शनीवर आले ते बहात्तरच्या दुष्काळानंतर. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे. घरी थोडा ऊस होता, पण उसात त्यांचा जीव रमायचा नाही. कुणाचं इंजिन बंद पडलं, कुणाची सायकल मोडली, की यांना बरं वाटायचं. जेवताना सुद्धा हाताला ग्रीसचा वास. मी म्हणायचे, "तुमी माझ्यासंगं चार शब्द बोलत न्हाई, त्या नटबोल्टासंगं दिवसभर गप्पा मारता." ते म्हणायचे, "नट उलटं बोलत न्हाई." असं आमचं चालायचं. मूल नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणायची.

आत्याबाईंची आधीची लेकरं जगली नव्हती. हा एकच राहिला. राहावा म्हणून लहानपणी त्यांचं नाक टोचलं होतं, मुलीसारखं. मिशीच्या वर ते बारीक भोक शेवटपर्यंत दिसायचं. फौजेत असताना जिथं जिथं बदली होईल तिथल्या नावानं ही बाई इथं नवस बोलायची. लढाईतून ते धडधाकट परत आले ते आपल्या नवसांमुळं, यात तिला तिळभर शंका नव्हती. यांना त्याचं हसू यायचं, पण तोंडावर कधी हसले नाहीत.

त्या सुमारास रॉकेल मिळेनासं झालं. रेशनच्या दुकानात डबे रांगेत ठेवून बायका सावलीला बसायच्या आणि शेवटी रिकामे डबे घेऊन परत यायच्या. काठावरचं डिझेल इंजिन काळा धूर सोडत पाणी उपसायचं, तेही महाग पडायला लागलं. एके दिवशी मालक नदीवरून आले ते काहीतरी डोक्यात घेऊनच. पुराच्या वेळी आमच्याकडं माणसं काहिलीतून नदी ओलांडतात. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस कढवायची ती भली मोठी पसरट कढई. तशी एक काहील काठाला बांधलेली होती, आणि हे तिच्यात बसून पाण्यात फळी धरून बसले होते. फळी धरवेना म्हणाले.

"पाण्याला पळ न्हाई, पर वजन हाय," ते म्हणाले. "डोंगरात पाणी उड्या मारतं. तिथं पाणचक्क्या बघितल्यात मी, हातभर चाक गरागरा फिरतं. आपलं पाणी उडी मारत न्हाई, ढकलतं. मोठी पाती दिली तर चाक ढकलंल. धूर न्हाई, तेल न्हाई, कुणापुढं हात पसरायला नको."

"आन् तुमाला ढकललं म्हंजी?" मी म्हणाले.

"मला कशाला ढकलंल? मी काय पाती हाय व्हय?"

मी हसले. पण मला त्या क्षणी खरोखरच भीती वाटली होती, आणि ती त्या दिवसापासून गेली नाही.

त्यांचा एक शाळासोबती होता, नदीकडेलाच त्याचं गुऱ्हाळ. त्यानं दोन जुन्या, ठिगळं लावलेल्या काहिली दिल्या. दोन्ही काहिली बाभळीच्या वाशांनी एकमेकींना जखडल्या, मधे मोकळी जागा ठेवली आणि त्या जागेत चाक बसवलं. पाती डांबराच्या पिंपांच्या पत्र्याची, दाराएवढी रुंद. चाकावरून पट्टा, पट्ट्यावर लहानशी कप्पी, आणि कप्पीला एका भंगार ट्रकचा डायनामो. मोठं चाक आळसावल्यासारखं एक फेरी घ्यायचं, तेवढ्यात कप्पी कितीतरी फेऱ्या मारायची. सगळं लोखंडी दोरानं काठावरच्या जांभळीला बांधलं. चाक थांबवायचं झालं तर आऱ्यांमध्ये पहार घालायची, की ते पहारीवर अडून राहायचं. बास, एवढंच यंत्र.

आत्याबाईंनी यंत्राला नावं ठेवली नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "नदीचं घेतूयास, तर तिला इचारलंस का?"

"इचारलं की," मालक म्हणाले. "ती व्हय म्हणाली."

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमचं दोघींचं फारसं पटायचं नाही, पण त्या वेळी मात्र आम्ही दोघी एका बाजूला होतो.

पावसाळा सरला, पाणी निवळलं आणि दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं पुजतात. नांगर, कुऱ्हाडी, विळे, मोटारसायकल असेल तर तीही. फौजेत तर बंदुका पुजतात. मालकांनी चाक धुऊन काढलं, पात्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मी पुरणाचा नैवेद्य नेला. त्याच संध्याकाळी त्यांनी पहार काढली. चाक जरा वेळ विचार केल्यासारखं थांबलं आणि मग फिरायला लागलं. काठावर बांबूला मोटारीचा दिवा टांगला होता. तो आधी निखाऱ्यासारखा लाल झाला, मग पिवळा. पाण्याची ओढ वाढली की उजेड फुगायचा, कमी झाली की आत जायचा. सगळा गाव जमला होता. कुणीतरी ओरडलं, "गड्या, कृष्णामाईच्या पोटातनं दिवा काढलास की रं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो कौतुकाचा नव्हता.

पुढं त्यांनी बॅटरी आणली. दिवसभर चाकावर भरायची आणि संध्याकाळी खांद्यावरून घरी आणायची. चुलीपाशी एक लहान दिवा लावला. खोटं कशाला बोलू, मला तो दिवा आवडायचा. भाकरीचा पापुद्रा दिसायचा, पिठातला खडा दिसायचा, डोळे चुरचुरायचे नाहीत. आत्याबाई मात्र त्या दिव्याकडं पाठ करून बसत. "ह्यो उजेड फुकट न्हाई," म्हणायच्या. मालक म्हणायचे, "आई, फुकटच हाय. त्येचसाठी तर केलं."

चूक झाली ती खंडेनवमीच्या पूजेनं, असं मला आता वाटतं. पण ती चूक म्हणायची तरी कशी? अवजाराची पूजा करायची नाही, असं आमच्यातला कुठला माणूस म्हणेल? पूजा झाली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. बायकांच्या लेखी त्या जागी देवी आली. शुक्रवारी एक बाई ओटी घेऊन चाकापाशी गेली. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या. पुढच्या शुक्रवारी अख्खी आळी गेली. चाक पाण्यातून दिवा काढतं, म्हणजे ते साधं कसं असेल? कुणाला मूल हवं होतं, कुणाच्या लेकाला सैन्यात भरती व्हायचं होतं. नारळ पात्यांवर ठकाठक आपटायचे. खण आसाला गुंडाळायचे आणि चाक अडायचं. मग मालक पहार घालून पाण्यात उतरायचे आणि खण सोडवून आणायचे. ओले खण काठावर रांगेत वाळत पडायचे, आणि नारळ गुऱ्हाळावरची माणसं खायची.

मला घरातून चाकाचा आवाज यायचा. आमचं परसदार नदीकडंच होतं. पट्ट्याची घरघर आणि मधूनच पात्याचा चपकारा. काही अडकलं की आवाज बंद व्हायचा. मग माझा पिठातला हात थांबायचा. पुन्हा घरघर सुरू झाली, की मालक पाण्यातून वर आले असं समजायचं आणि पुढची भाकरी थापायची. कुणाला सांगितलं नाही, पण माझा सगळा दिवस त्या आवाजाला टांगलेला असायचा.

त्यांनी चाकाच्या वरच्या अंगाला बांबूची ताटी रोवली, वाहत येणारं सगळं तिथं अडावं म्हणून. आणि एका शुक्रवारी त्यांनी बायकांना हात जोडले. "आयाबायांनो, चाकाची वटी भरू नका. नदीची भरा. तिकडं वर घाटावर भरा, जशी पयल्यापासनं भरताय तशी." बायकांना ते पटलं. नदीचा मान नदीला, यात कुणाला वावगं वाटणार? पण घाट चाकाच्या वरच्या बाजूला होता. मी रात्री जेवताना म्हणाले, "आवं, घाटावरचं वाहून खालीच येणार की."

"मग ताटी कशाला केलीया?"

ताटी चांगली होतीच. शेवाळ, काटक्या, नारळ, खण, सगळं तिला लागून राहायचं.

पौषात एकदा ताटी साफ करताना त्यांचा पाय काहिलीच्या कडेवर आपटला. नडगी सोलून घरी आले. जखम एवढीशी, मी हळद भरली आणि चार शब्द सुनावले. आत्याबाई उठून देव्हाऱ्यापुढं जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी लुगडं बोलून टाकलं होतं. लेकाला सुखरूप ठेव, माघात तुला नवं लुगडं नेसवीन. सांगलीच्या बाजारातून त्यांनी हिरवं इरकली लुगडं आणवलं, लाल काठाचं. स्वतः त्या तसलं कधी नेसल्या नव्हत्या. घडी मांडीवर घेऊन त्या काठावरून हात फिरवत बसल्या होत्या, ते मी पाहिलं. मालकांनीही पाहिलं. "आई, घाटावरच सोड हां," एवढंच म्हणाले.

"तू सांगितलंस तिथंच सोडीन," आत्याबाई म्हणाल्या.

माघातल्या त्या शुक्रवारी मला कावळा शिवला होता. त्या चार दिवसांत चुलीला, देवाला, ओटीला हात लावायचा नसतो. कोरडं धान्य चालतं, म्हणून मी परसात जात्याच्या दगडावर तांदूळ निवडत बसले होते. आत्याबाई सकाळची कामं उरकून, ताट घेऊन, चार बायकांबरोबर घाटावर गेल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. खालून चाकाची घरघर येत होती, आणि गुऱ्हाळाकडून उसाच्या रसाचा वास.

लुगड्याचं एक असतं. खण वर तरंगतो, नारळ वर तरंगतो. नऊवारी लुगडं भिजलं की ते ना तरंगतं, ना बुडतं. मधल्या पाण्यातून चालत जातं. ताटी वरच्या पाण्यासाठी होती. तळाशी तिला हातभर फट ठेवलेली होती, पाणी चाकाला पुरेसं मिळावं म्हणून.

घरघर बंद झाली. मी हातातला तांदूळ निवडायचा थांबवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मी उठून उभी राहिले. परसातून जांभळीचा शेंडा दिसायचा, खालचं काही दिसायचं नाही. मला जावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं, गेले तर हसतील, म्हणतील आली बघा पहारेकरीण. तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली. माझ्या जिवात जीव आला. मी खाली बसले. मग माझ्या ध्यानात आलं, की पट्ट्याचा आवाज येतोय पण पात्याचा चपकारा येत नाही. चाक जड फिरत होतं, ओल्या गोणपाटानं गुंडाळल्यासारखं. आणि मग गुऱ्हाळाकडून त्यांच्या सोबत्याची हाक आली. शब्द कळले नाहीत, आवाज कळला.

मी पळत गेले तेव्हा त्यानं चाक अडवलं होतं. काय झालं ते मागाहून जुळवलं. लुगडं आसाला गुंडाळलं आणि चाक अडलं. यांनी पहार घातली आणि खाली उतरले. नऊ वार कापड, पाण्यात फुललेलं. ते हिसडून ओढताना त्यांच्याच पायांना, कमरेला वेढलं असणार. त्या ओढाताणीत पहार निसटली. ती नंतर तळाशी सापडली. चाकाला घाई नव्हती. ते आपल्या चालीनं फिरलं आणि लुगडं गुंडाळत गेलं. पाणी त्यांच्या छातीपेक्षा जास्त खोल नव्हतं. ते उत्तम पोहायचे.

सोबत्यानं आणि गुऱ्हाळावरच्या माणसांनी त्यांना सोडवून काठावर घेतलं. मी हिरवा रंग पाहिला, लाल काठ पाहिला. सोबत्यानं माझ्याकडं पाहिलं, ते सगळं लुगडं भराभर गोळा केलं आणि काठावर पालथ्या घातलेल्या एका काहिलीच्या खाली चिखलात दाबलं. घाटाकडून आत्याबाई येत होत्या, हातात ताट, ताटात फोडलेल्या नारळाचा प्रसाद. त्यांच्याबरोबरच्या बाया पुढं आल्या. त्यांतल्या एकीनं काहिलीखालून बाहेर आलेला तो बोटभर लाल काठ पाहिला. ती तिथंच उभी राहिली, पाय त्याच्यावर ठेवून. "पाय घसरला त्येचा," सोबती म्हणाला. आणि त्या बाईनं कपाळ बडवून घेतलं, "माईनं न्हेलं गं, माईनं न्हेलं!" सगळ्या बायकांनी तेच उचललं. आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजलं ते दुसऱ्या वेशीला कळतं. पण ती एक गोष्ट त्या गावानं गिळली, आणि आजवर कुणी ओकली नाही.

मी ती गिळायला तयार नव्हते. माझ्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं, आणि मी कोपऱ्यात बसून एकच गोष्ट घोळवत होते. या बाईला सांगायचं. तुझ्या नवसानं, तुझ्या नव्या लुगड्यानं गेला तुझा लेक. ती रडायची तेव्हा मला तिची दया यायची नाही, राग यायचा. घरात त्यांनी भरलेली बॅटरी तशीच होती. मी रोज संध्याकाळी तो दिवा लावायची. कुणी नको म्हणालं नाही. तो रोज थोडा थोडा तांबूस होत चालला होता. यांनी कमावलेलं तेवढंच काय ते घरात उरलं होतं, आणि मी ते जाळत होते.

तेरावं झालं, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी दिवा नुसता एक लाल ठिपका होता. आत्याबाई त्याच्याकडं तोंड करून बसल्या होत्या, पहिल्यांदाच. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच आधी बोलल्या.

"पोरी, माझं लुगडं पोचलं असंल का गं माईला? का कुटं काट्याकुट्यात अडकून ऱ्हायलं?"

एवढंच त्यांना सलत होतं. नवस फिटला की नाही. माझ्या तोंडात तयार असलेलं सगळं तिथंच विरलं. दया आली म्हणून नाही. मला वाटलं, हे जर या बाईला कळलं तर ही सकाळपर्यंत जगणार नाही, आणि मग या घरात मी एकटी राहीन.

"पोचलं, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "मग कमी पडलं असंल," म्हणाल्या. "एकच दिलं मी."

दिवा त्यानंतर लागला नाही. काहिली सोबत्यानं ओढून नेल्या, चाक काठावर पडून गंजलं. आणि पुढच्या माघात आत्याबाईंनी सांगलीहून दुसरं लुगडं आणवलं. मी नको म्हणाले, भांडले, पैसे नाहीत म्हणाले. त्यांनी उपास धरला. शेवटी मीच त्यांना घाटापर्यंत सोडून आले आणि बांधाबांधानं खाली पळाले. आमच्या गावाच्या खाली नदी वळते आणि तिथं दगडांचा उतार आहे. माघात पाणी गुडघ्याला लागतं, जनावरं तिथून पार होतात. मी तिथं पाण्यात उभी राहिले. बऱ्याच वेळानं लुगडं माझ्या नडग्यांना येऊन लागलं. मी किंचाळले. मग वाकून ते ओढून काढलं, पिळलं आणि बाभळीवर वाळत घातलं.

तेव्हापासून दर वर्षी तेच. आत्याबाई घाटावर लुगडं सोडायच्या आणि मी उतारावर ते धरायचे. पूर्वेच्या कोरड्या भागातून धनगर त्या दिवसांत मेंढरं घेऊन आमच्या रानात बसायला यायचे. त्यांच्या बाईला मी ते लुगडं द्यायची. ती दोन-चार दिवसांत पुढं जायची, म्हणजे गावात कुणाच्या अंगावर ते दिसायचं नाही. तिनं कधी विचारलं नाही. आत्याबाई घरी आल्या की विचारायच्या, "पोचलं?" मी म्हणायचे, "पोचलं." मधल्या काळात खांबांना तारा आल्या, घरात बटणाचा दिवा आला. आत्याबाई त्याच्याकडं तोंड करून बसायच्या की पाठ करून, मी पाहायचं सोडून दिलं होतं.

एका वर्षी माघात नदीला पाणी जास्त होतं. वर धरणातून सोडलं होतं म्हणे. उतारावरचे दगड दिसत नव्हते. मी कमरेपर्यंत उतरले, आणि पायाखालचं निसटायला लागल्यावर मागं फिरले. लुगडं आलं नाही. आलं असेल तर मला न लागता गेलं. मी काठानं चालायला लागले. लव्हाळ्यात बघितलं, पाण्यात वाकलेल्या करंजाच्या फांद्यांत बघितलं. असं करत खालच्या गावचा घाट आला. तिथं शाळा सुटलेली पोरं पोहत होती. काहींच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधलेले, नव्यानं शिकणारी. पायरीवर एक बाई धुणं धूत होती.

"बाहीर या!" मी ओरडले. "आरं, बाहीर या सगळी!"

पोरांनी वळून पाहिलं. "का वं मावशी? मगर आलीया?"

मगर आलीय म्हणाले असते तर सगळी क्षणात पायरीवर आली असती. आमच्या नदीत मगरी आहेत, लहान पोरालाही ठाऊक असतं. पण इतकी वर्षं दर माघात खोटं बोलून माझं तोंड आंबलं होतं. माझ्या तोंडातून खरं तेच निघून गेलं.

"पाण्यात लुगडं हाय," मी म्हणाले.

पोरं एकदम हसली. एकानं पाण्यातच नेसल्याचं सोंग केलं. दुसरा म्हणाला, "कुणाचं वं? काढून देऊ का?" आणि त्यानं बुडी मारली. धुणं धुणारी बाई हात न थांबवता म्हणाली, "सापडंल की बाई. लुगडं ते, त्येनं काय हुतंय?"

मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. तो पोरगा बऱ्याच वेळानं वर आला, रिकाम्या हातानं, नाक शिंकरत. तेवढ्यात बाकीच्यांनी खेळच लावला होता. लुगडं कोण शोधतं बघू म्हणत एकेक जण बुडी मारायला लागला.